चालेल म्हणजे हो नव्हे

"विरोध नसणं म्हणजे संमती नव्हे!"

हे वाक्य तिनं तिसऱ्या मजल्याच्या वळणावर इतक्या जोरात म्हटलं, की खिडकीतलं कबुतर फडफडून उडालं. वाक्य तिचंच होतं, सकाळीच कागदावर उतरलेलं. स्वतःचं लिखाण मोठ्यानं वाचल्याशिवाय तिला पटायचं नाही, आणि लिफ्ट बंद असल्यामुळे वाचायला चांगले चार मजले मिळाले होते.

"का नव्हे?"

ती दचकली. त्याच खिडकीला टेकून एक तरुण धापा टाकत उभा होता. हातात ओली छत्री, खांद्याला कापडी पिशवी, कानामागे पेन्सिल.

"काय, का नव्हे?" तिनं विचारलं.

"कुणी विरोध केला नाही, म्हणजे त्याला मान्य आहे, असंच धरतात की सगळे."

"सगळे धरतात म्हणून तर लिहायची वेळ आली! आता हेच बघा. तुम्ही माझी वाट अडवून उभे आहात आणि मी अजून काही बोलले नाहीये. म्हणजे मला हे मान्य आहे?"

तो घाईघाईनं बाजूला झाला. छत्रीचं पाणी त्याच्याच बुटात गेलं. "नाहीये... मान्य?"

"नव्हतं. आता वाट दिलीत, आता ठीक आहे," ती म्हणाली आणि टकटक वर निघून गेली. वळणावर मात्र तिनं मागे बघितलं. का बघितलं म्हणून विचारू नका. बघावंसं वाटलं, बघितलं. तो बुटातलं पाणी काढत होता आणि स्वतःशीच हसत होता.

चौथ्या मजल्यावर समाजकोशाचं कार्यालय होतं. खोल्या चार, कपाटं पंचवीस, माणसं सहा. समाजात ज्या शब्दांवरून भांडणं होतात, त्या शब्दांचा हा कोश. साध्या शब्दाला दोन ओळींचा अर्थ पुरे. पण बरोबरी, इज्जत, घरकाम, संमती असल्या शब्दांना कोशात चारपानी निबंध असायचा आणि खाली लिहिणाऱ्याची सही. आपल्या नायिकेला कार्यालयात सगळे 'ठसका' म्हणत, आणि ते नाव तिच्या बोलण्यामुळेच पडलं होतं, हे वेगळं सांगायला नको. तीन वर्षं तिनं दुसऱ्यांचे निबंध सुधारले होते. 'संमती' ही तिच्या स्वतःच्या सहीची पहिली नोंद.

पण सही अशी फुकटात मिळत नव्हती. कार्यालयाची रीतच तशी होती. वादाच्या प्रत्येक शब्दाचा निबंध कोशात न लिहिणाऱ्या एका माणसाकडे, आक्षेपकाकडे, द्यायचा, आणि त्या माणसाचं काम एकच, खोड काढायची. त्यानं समासात पेन्सिलीनं आक्षेप लिहायचे, लेखकानं निळ्या शाईनं उत्तरं द्यायची. अशा तीन फेऱ्या. त्यातून निबंध तरला तर छापायचा, नाहीतर मागच्या आवृत्तीतली जुनी नोंद जशीच्या तशी उचलून ठेवायची. आणि संमतीची जुनी नोंद दीड ओळीची होती: 'विरोध नसणे, मूक स्वीकार.' ती दीड ओळ ठसक्याच्या डोळ्यात सलत होती. शुक्रवारी दुपारी बारा वाजता पानं छापखान्यात जाणार होती. आज सोमवार होता.

"ये गं," मुख्य संपादकांनी हाक मारली. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. "जुने आक्षेपक निवृत्त झाले. हे नवे. कायद्याची मासिकं तपासायचे. तुझा निबंध यांच्याकडे."

बाईंच्या टेबलापाशी एक पाय ओला, एक पाय कोरडा असा तो उभा होता.

"आमची भेट झालीये," तो म्हणाला. "पहिला आक्षेप जिन्यातच नोंदवलाय."

अक्षरजुळणी करणाऱ्या काकांनी पडद्यामागून मान काढली. "खोड काढणारा म्हणजे खोडकरच की! चला, नाव ठेवायचं काम वाचलं." आणि बिचाऱ्याचं नाव पडलं ते पडलंच.

मंगळवारी सकाळी पहिली फेरी तिच्या टेबलावर आली. समास पेन्सिलीनं काळाकुट्ट. तिनं पदर... छे, तिनं बाह्या सरसावल्या आणि निळं पेन उघडलं.

तिची व्याख्या होती: 'संमती म्हणजे नाही म्हणायची पूर्ण मोकळीक असताना आपणहून दिलेला होकार.'

समासात: 'आपणहून दिला, हे ओळखायचं कसं? कपाळावर लिहिलेलं असतं?'

तिनं निळ्यात लिहिलं: 'नसतं. म्हणूनच विचारायचं असतं. देवानं तोंड त्याचसाठी दिलंय.'

'ऊठसूट विचारत बसलं तर दिवस मावळेल.'

'मावळू दे. घाई कुणाला आहे?'

'दिलेली संमती परत घेता येते म्हणता. मग माणसाच्या शब्दाला किंमत काय राहिली?'

इथे ती थांबली. पेनाचं टोपण चावत खिडकीबाहेर बघत बसली. मग एका दमात लिहिलं: 'ज्या खोलीचं दार आतून उघडता येतं, तिथे माणूस राहतो तेव्हा तो राजीखुशीनं राहतो. दार उघडत नसेल तर ती कोठडी. परत घेता येते, तरी घेतली नाही, हीच शब्दाची किंमत.'

दुपारी कागद परत आले. त्या वाक्याखाली पेन्सिलीची बारीक रेघ, आणि शेजारी: 'यावर आक्षेप नाही. पण आक्षेप नसणं म्हणजे पसंती नव्हे, हे आपल्याकडूनच शिकलो. म्हणून स्वच्छ लिहितो — फार आवडलं.'

तिच्या गालांवर ऊन आलं. बाहेर तर भुरभुर पाऊस होता, तेव्हा ऊन कुठून आलं ते तुम्हीच ओळखा.

"काय गं, ताप आहे का?" काका म्हणाले.

"उकडतंय," ती म्हणाली आणि उगाचच खिडकी उघडायला उठली.

तो पलीकडच्या खोलीत, पुस्तकांच्या फटीतून दिसेल न दिसेल असा बसायचा. पेन्सिलीला टोक करताना जीभ किंचित बाहेर काढायचा. हसू आलं की मान खाली घालायचा. हे सगळं तिनं मुद्दाम पाहिलं असं नाही... पण पाहिलं.

खरी जुंपली ती दुसऱ्या फेरीत, दुसऱ्या पानावरून. तिथे तिनं लिहिलं होतं: '"चालेल" हा होकार नव्हे. "चालेल" म्हणजे मी अडवणार नाही, एवढंच. होकारात "हवं" असावं लागतं.' हे वाक्य तिनं पुस्तकांतून आणलं नव्हतं, घरातून आणलं होतं. तिच्या आईनं जन्मभर 'काहीही चालेल' म्हटलं होतं. कुठली खोली? कुठलीही चालेल. आणि आई एकतीस वर्षं मागच्या अंधाऱ्या खोलीत झोपली. हा निबंध लिहायला घेतला तेव्हा ठसक्यानं विचारलं होतं, "चालेल ते सोड. तुला हवंय काय?" आईनं तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी म्हणाली, "मला ती खिडकीची खोली हवी." आणि म्हणताना डोळ्याला पदर लावला. ते पाहिल्यापासून ही दीड ओळ खोडल्याशिवाय गप्प बसायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

खोडकरानं लिहिलं: 'सगळी "चालेल" सारखी नसतात. काही फार गोड असतात.'

तिनं उत्तर दिलं: 'गोडपणावर कोश चालत नाही. आक्षेप अमान्य.'

बुधवारी दुपारी ती चहाचा कप धूत होती. तो शेजारी येऊन उभा राहिला. स्वतःचा कप धुवायला घेतला. तो आधीच धुतलेला होता.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "निबंधाबाहेरचं."

"विचारा की."

"आज सुटल्यावर... नदीकाठच्या रस्त्यावर फिरायला याल? माझ्याबरोबर? सहा वाजता, पुलाजवळच्या बाकापाशी?"

आता काय सांगू! तिच्या पोटात शंभर फुलपाखरं म्हणतात तसलं काही झालं नाही, तिला सरळ टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. पण घरचं वळण कुठे जातंय? आईच्या पोटची पोर ती. नळाची तोटी घट्ट बंद करत, खाली बघत म्हणाली, "चालेल."

"बरं," तो म्हणाला. कप ठेवला आणि गेला.

सहा वाजता ती बाकापाशी होती. सव्वासहाला तिनं केस नीट केले. साडेसहाला भुरभुर सुरू झाली, तिनं छत्री उघडली. पावणेसातला एक कुत्रा येऊन बाकाखाली बसला. सात वाजून वीस मिनिटांनी कुत्रासुद्धा कंटाळून निघून गेला, तेव्हा ती उठली. डोळे भरून आले होते आणि नाक रागानं लाल झालं होतं. असला अपमान! घरी आई म्हणाली, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काही नाही," आणि धाडकन दार लावलं.

गुरुवारी तिसरी फेरी आली. समासात एकही चेष्टा नाही. कोरडे, सभ्य आक्षेप, एखाद्या परक्याला लिहावेत तसे. तिनंही एकेका शब्दात उत्तरं फेकली. 'नाही.' 'होय.' 'पान तीन पाहा.' दुपारपर्यंत तिला ते सहन होईना. ती तरातरा उठली, पलीकडच्या खोलीत गेली आणि त्याच्या टेबलावर हात टेकून उभी राहिली.

"काल संध्याकाळी कुठे होतात?"

तो गोंधळला. "घरी."

"घरी! मी पुलाजवळ एक तास वीस मिनिटं बसले होते. पावसात!"

त्याच्या हातातली पेन्सिल खाली पडली. "तुम्ही... गेला होतात? पण तुम्ही तर 'चालेल' म्हणालात!"

"मग?"

"मग काय मग! पान दोन. '"चालेल" हा होकार नव्हे.' तीन वेळा वाचलंय मी ते. माझा आक्षेपसुद्धा तुम्ही अमान्य केलात. मला वाटलं, यांना यायचं नाहीये, तोंडावर नाही म्हणवत नाहीये. मी रात्रभर... मला फार वाईट वाटलं, पण मी म्हटलं, गळ्यात पडायचं नाही."

ठसक्यानं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.  पडद्यामागे काकांना जोराचा खोकला आला, आणि तो खोकला नव्हता हे सगळ्या कार्यालयाला कळलं.

"म्हणजे तुम्हाला यायचं होतं?" त्यानं हळूच विचारलं.

"ते नंतर," ती म्हणाली. तिचे कान तापले होते, पण डोकं ठिकाणावर होतं. "आधी हे सांगा, तिसरी फेरी अजून बंद झालेली नाही ना? मग हा आक्षेप लिहा."

"कुठला?"

"हाच. एका बाईनं 'चालेल' म्हटलं आणि तिला खरंच यायचं होतं. माझं वाक्य याच्यापुढे टिकत नाही."

"मी नाही लिहिणार. तुमची नोंद पडेल. उद्या बाराला ती दीड ओळ परत छापली जाईल."

"माझ्यावर उपकार म्हणून आक्षेप गिळायचा नाही! त्यासाठी पगार नाही मिळत तुम्हाला. पडायची असेल तर पडू दे. पण ती अर्धवट उभी राहिलेली मला नकोय."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग खाली वाकला, पेन्सिल उचलली, आणि तिच्यासमोर समासात लिहिलं. 

शुक्रवारी साडेअकरा वाजता मोठ्या बाई चष्मा लावून शेवटचं उत्तर वाचत होत्या. ठसका समोर उभी, खोडकर दाराशी. तिनं पानभर लिहिलं होतं, आणि दुसऱ्या पानावरचं वाक्य स्वतःच्या हातानं बदललं होतं. बाई मोठ्यानं वाचू लागल्या.

"'एका व्यक्तीनं "चालेल" म्हटलं आणि ती एक तास वीस मिनिटं एकटी बसली. विचारणाऱ्यानं तिच्या मनातलं गृहीत धरलं नाही, हे त्यानं बरोबरच केलं. पण त्यानं तिचं "नाही" गृहीत धरलं, आणि तिनं "हवंय" म्हणायची लाज धरली. "चालेल" हा होकारही नव्हे आणि नकारही नव्हे. "चालेल" ऐकलं की पुढचा प्रश्न विचारायचा असतो, तुला हवंय का? संमती ही एका शब्दात उरकत नाही. ती दोघांनी मिळून बोलायची गोष्ट आहे.'"

बाईंनी चष्मा काढला. "ही एक व्यक्ती कोण?"

"कोशात उदाहरणांना नावं नसतात, बाई."

"हं. आणि विचारणारा?"

दाराशी उभा असलेला विचारणारा छताकडे बघायला लागला.

 बाईंनी जुन्या आवृत्तीचा जाड खंड पुढे ओढून ती दीड ओळ काढली. "ही मी लिहिलीये, तीस वर्षांपूर्वी. तेव्हा मला वाटायचं, इतकंच पुरे आहे. आम्हाला कुणी विचारायचंच नाही गं, मग विरोध तरी कशाला करणार?" त्यांनी लाल पेनानं दीड ओळीवर रेघ मारली, इतकी सरळ, की पट्टी लागली नाही. "आक्षेपक, तुमचं काय?"

"मान्य," तो म्हणाला. "आपणहून."

"मग खाली सही कर, बाळ. आणि काकांना दे. बाराला दहा कमी आहेत."

तिनं सही केली. स्वतःचं पूर्ण नाव, पहिल्यांदा. काका पानं घेऊन पळाले. आणि मग खोलीबाहेरच्या अरुंद बोळात ती दोघंच उरली, दोन्हीकडे कागदांचे गठ्ठे, मध्ये हातभर जागा.

ठसक्याचं काळीज धडधडत होतं. निबंधाच्या वेळी धडधडलं नव्हतं तेवढं. निबंध पडला असता तर पुढच्या आवृत्तीत उभा राहिला असता, पण हे? तिनं मान वर केली.

"कालचं 'नंतर' आता सांगते. मला तुमच्याबरोबर फिरायला यायचंय. चालेल वगैरे नाही. मला हवंय. आज याल?"

 "नाही," तो म्हणाला.

 तिला विचारावंसं वाटलं, का? मग बुधवारी कशाला विचारलंत? माझ्यावर कालचा राग काढताय का? सगळं ओठांपर्यंत आलं. पण चार पानं तिनंच लिहिली होती, आणि नाही म्हणायची मोकळीक म्हणजे नाही म्हटल्यावर कुणी तोंड न फुगवणं, हेही तिनंच लिहिलं होतं. लिहिणं सोपं होतं हो! 

"बरं," ती म्हणाली. आवाज थोडा हलला, पण तक्रार नव्हती त्यात. "काही हरकत नाही. तुमच्याबरोबर भांडायला मजा आली. खरंच."

आणि ती जायला वळली.

"थांबा... म्हणजे, थांबाल का?" तो घाईनं म्हणाला. "आज बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. सहाची वेळ आहे. महिन्यानं मिळालीये."

ती वळली. "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगणारच होतो. पण तुम्ही 'बरं' म्हणालात, आणि माझं बोलणंच खुंटलं. मला आजवर कुणी नाही म्हणू दिलं नाहीये हो. घरी नाही म्हटलं की आजी रुसते, बहीण आठवडाभर बोलत नाही. तुम्हाला किती लागलं ते दिसत होतं मला. तरी तुम्ही नुसतं 'बरं' म्हणून वाट दिलीत." त्यानं श्वास घेतला. "तुमचा निबंध मला पटला होता. तुम्ही मला आवडत होतात. आता मात्र... मी पुरता गेलो कामातून."

ती हसली. हसताना डोळ्यातून पाणी आलं, ते तिनं पुसलंसुद्धा नाही.

"उद्या?" तो म्हणाला. "उद्या मला हवंय. परवाही हवंय. पुढचं विचारत जाईन."

"रोज विचारणार?"

"रोज. घाई कुणाला आहे?"

शनिवारी सहाला ती पुलाजवळ पोचली, तर तो आधीच बाकावर. केस विंचरलेले, बूट कोरडे.

"कधीपासून बसलायस?" तिच्या तोंडून निघून गेलं, आणि तिनं जीभ चावली. "अगं बाई! न विचारता 'तू' म्हटलं. म्हणू का?"

"म्हण की. मी कालपासून मनात म्हणतोच आहे."

दोघं चालू लागली. पाऊस थांबला होता, झाडं अजून ठिबकत होती.  मग ती थांबली. छत्री, पिशवी, आणि काल छापखान्यातून आलेलं कच्चं पान, सगळं तिनं छातीशी धरलं होतं.

"एक सांगायचंय. सरळ सांगते, नाहीतर पुन्हा चालेल-बिलेल तोंडातून जाईल. तू मला आवडतोस. फार. सगळं आयुष्य तुझ्याशी भांडायला मिळालं तर मला हवंय."

तो हसला. पण या खेपेला मान खाली घातली नाही, तिच्याकडेच बघत राहिला.

"मलाही हवंय," तो म्हणाला. "अगदी असंच. तूच हवी आहेस." मग जरा थांबून, हळू आवाजात, "हात धरू?"

"हो," ती म्हणाली, आणि हात मोकळा व्हावा म्हणून छत्री, पिशवी, कागद असं सगळं तिनं दुसऱ्या काखेत कोंबलं.